बाळ अंगावर बांधताना: बेबी कॅरिअरच्या निवडीचा आढावा

बेबी कॅरिअरच्या खोक्यावर, बहुधा मागच्या बाजूला आणि बारीक अक्षरांत, बाळाचे किमान वजन छापलेले असते. परदेशी बनावटीच्या नावाजलेल्या बकलच्या कॅरिअरांत हा आकडा ३.२ किंवा ३.५ किलो असतो. आपल्याकडे पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याचे वजन सरासरी २.८ किलोंच्या आसपास भरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तर वजन नोंदवलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे जन्मतः अडीच किलोंहूनही कमी वजनाची होती. खोक्याच्या दर्शनी बाजूवर ‘जन्मापासून वापरा’ असे ठळक छापलेले कॅरिअर आपल्या घरातल्या बाळाला पहिले काही आठवडे बसतच नाही, असे म्हणूनच पुष्कळदा घडते. बाळंतभेट म्हणून ते आलेले असते, महागातले असते, रंगही छान असतो; पण त्यात ठेवलेले बाळ आत घसरते, पाठीतून वाकते आणि त्याची हनुवटी छातीवर टेकते.

कॅरिअरची निवड करताना बहुतेक घरांत चर्चा होते ती कंपनीची, किमतीची आणि इतरांनी दिलेल्या पसंतीच्या ताऱ्यांची. मला वाटते, चर्चेची सुरुवात बाळापासून व्हायला हवी. त्याचे आजचे वजन किती आहे, मान सावरली आहे का, ते आधाराशिवाय बसते का आणि त्याला कोण, कुठे, किती वेळ घेऊन वावरणार आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड आपोआप होते. उरलेली निम्मी ते कसे बांधायचे हे शिकण्यावर अवलंबून असते. नीट बांधलेले साधे सुती कापड सुरक्षित असते आणि ढिले सोडलेले सर्वांत महाग कॅरिअर धोक्याचे. या विषयावर आजवर जे कळले आहे त्याचा सारांश हाच, आणि पुढचा सगळा आढावा त्याच्याच तपशिलाचा आहे.

जुनी गरज, नवी वस्तू

काम करणाऱ्या माणसाने बाळ अंगाला बांधणे ही जगभरची रीत आहे. मेक्सिकोत ‘रेबोझो’, कोरियात ‘पोदेगी’, जपानमध्ये ‘ओंबुहिमो’, इंडोनेशियात ‘सलेंदांग’, पूर्व आफ्रिकेत ‘कांगा’ आणि आपल्या मिझोराममध्ये ‘पुआन’ ही सगळी त्याचीच साधने. महाराष्ट्रात मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार अशा आदिवासी भागांत पाठीशी किंवा कुशीशी बाळ बांधून चालणाऱ्या बायका आजही दिसतात. बाकी महाराष्ट्राने मात्र बाळ बांधण्यापेक्षा कडेवर घेतले, आणि काम असेल तेव्हा झोळीत ठेवले. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून खुरपायला जाणारी आई हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य होते. घरात आजी, आत्या, काकू, मोठी बहीण असे उचलणारे हात पुष्कळ होते, म्हणून बाळ सतत कोणाच्या ना कोणाच्या अंगावर असे.

आज पुण्या-ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, किंवा बंगळुरू, दुबई, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी जोडप्याकडे ते हात नाहीत. कडेवर घ्यायची सवय तीच आहे, फक्त ती एका माणसाच्या एका कमरेवर येऊन पडली आहे. कॅरिअरची गरज तिथे खरी आहे, तिला चैन म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दुकानात मिळणाऱ्या कॅरिअरचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे. अमेरिकेच्या पीस कोअरमधून टोगो देशात काम करून आलेल्या अॅन मूर या परिचारिकेने तिथल्या आया पाठीवर बाळ कशा बांधतात ते पाहिले होते. घरी परतल्यावर त्यांनी आपल्या आईच्या मदतीने ‘स्नगली’ शिवली आणि १९६९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. जर्मनीत एरिका हॉफमान यांनी १९७२ मध्ये ‘डिडिमोस’ ही लांब विणलेल्या कापडांची कंपनी सुरू केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत रेनर गार्नर यांनी दोन कड्यांतून कापड ओवून रिंग स्लिंग तयार केली, आणि विल्यम सिअर्स या बालरोगतज्ज्ञांनी तिचा प्रसार केला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या आयांचे ज्ञान असे पाश्चात्त्य कारखान्यांत गेले आणि खोक्यात बंद होऊन पुन्हा आपल्याकडे आले. प्रवासात वस्तू आली, बांधायला शिकवणारी आजी मात्र मागेच राहिली.

अंगावर घेतल्याने काय साधते

बाळ सतत घेतले की ‘त्याला हाताची सवय लागते’, असे आपल्याकडे नव्या आईला हमखास ऐकवले जाते. संशोधन या धाकाला दुजोरा देत नाही. मॉन्ट्रियलमधील हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९९ आई-बाळांच्या जोड्या होत्या. त्यातल्या एका गटाला बाळ रडत नसतानाही रोज जास्तीचे काही तास अंगावर घ्यायला सांगितले होते. सहा आठवड्यांच्या वयात, म्हणजे रडण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते तेव्हा, या गटातली बाळे दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडली. संध्याकाळच्या वेळी हा फरक ५१ टक्के होता. याच बार यांनी पुढे, १९९१ मध्ये, पोटशुळाने आधीच जोरजोरात रडणाऱ्या बाळांवर हा उपाय तपासला तेव्हा तो लागू पडला नाही. अंगावर घेण्याने सामान्य रडणे कमी होते, पण ते प्रत्येक रडण्याचे औषध नाही, हा दोन्ही प्रयोगांचा एकत्रित अर्थ प्रामाणिकपणे सांगायला हवा.

जपानच्या रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की आई बाळाला घेऊन चालू लागली की त्याच्या हृदयाचे ठोके लगेच मंदावतात आणि ते शांत होते. नुसते घेऊन बसण्याने तसा परिणाम होत नाही. याच गटाने २०२२ मध्ये एक व्यवहारी सूत्र दिले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे संथ चालावे, ते झोपले की आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मगच खाली ठेवावे. आपल्या घरांतल्या येरझाऱ्यांना मिळालेला हा शास्त्राचा आधार आहे.

कमी वजनाच्या बाळांसाठी तर अंगाशी घेणे जीव वाचवणारे ठरले आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना उबेत ठेवण्याच्या पेट्यांची (इन्क्युबेटर) टंचाई असताना आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधण्याची पद्धत सुरू केली, तीच आजची कांगारू मदर केअर. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर ही काळजी दिली गेली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू त्यांच्यात १२ टक्के होते. आधी स्थिरावण्याची वाट पाहून मग कांगारू काळजी मिळालेल्या बाळांत ते १५.७ टक्के होते. पण इथे एक गल्लत टाळली पाहिजे. कांगारू काळजीत बाळ उघड्या त्वचेला लागून, डोके एका बाजूला वळवून, परिचारिकेच्या देखरेखीखाली असते. दुकानातले कॅरिअर त्याची जागा घेऊ शकत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा अडीच किलोंच्या आतले बाळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅरिअरमध्ये घालूच नये.

पहिला निकष: श्वास

कॅरिअरमधला सर्वांत गंभीर धोका गाजावाजा न करता येतो. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते, मानेत बळ नसते आणि श्वासनलिका मऊ व अरुंद असते. हनुवटी छातीवर टेकली की ती नलिका दबते. नाक कापडात किंवा आईच्या अंगात रुतले तरी तसेच होते, कारण या वयात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. अशा वेळी त्याला धडपडण्याचे किंवा रडण्याचेही बळ नसते. बाळ गाढ झोपले आहे असे वाटत असताना त्याचा प्राणवायू कमी होत जातो.

अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित १४ मृत्यूंची माहिती आयोगाकडे होती आणि त्यातली १२ बाळे चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात इन्फॅन्टिनो कंपनीला तिच्या पिशवीच्या आकाराच्या दहा लाखांहून अधिक स्लिंग बाजारातून परत घ्याव्या लागल्या. या पिशव्यांत बाळ आईच्या पोटाशी, खोल तळाला, गोल वाकून पडून राहत असे. पुढे अमेरिकेने स्लिंगसाठी सक्तीचे सुरक्षा मानक आणले. असा पिशवीसारखा, तळाला खोल आणि कडांना इलॅस्टिक असलेला प्रकार कोणी भेट दिला, तरी वापरू नये.

ब्रिटनमधल्या स्लिंग विक्रेत्यांनी आणि प्रशिक्षकांनी मिळून पाच नियमांची एक यादी तयार केली आहे. जगभर तीच शिकवली जाते आणि आपणही ती तोंडपाठ करावी.

पहिला नियम, बाळ अंगाला घट्ट असावे. आपण किंचित वाकलो तर ते अंगापासून सुटता कामा नये, मात्र वाकताना त्याच्या पाठीला हात लावावाच. दुसरा, बाळाचा चेहरा कायम आपल्या नजरेत असावा. त्यासाठी कापड बाजूला सारावे लागू नये. तिसरा, मान खाली घालताच कपाळाचा पापा घेता येईल इतक्या उंचीवर ते असावे. चौथा, हनुवटी आणि छाती यांच्यात निदान एका बोटाची जागा राहावी. पाचवा, पाठीला पूर्ण आधार असावा. पाठीवर हात ठेवून हलकेच दाबले आणि बाळ आणखी आत वाकले, तर कॅरिअर ढिले आहे असे समजावे.

पहिल्या चार महिन्यांत बाळ उभेच घ्यावे. आडवे झोपवून घेण्याच्या पद्धती टाळाव्यात. सर्दीने नाक चोंदले असेल, ताप असेल, तर त्या दिवशी कॅरिअर बाजूला ठेवलेले बरे. कॅरिअरमध्ये पाजताना एक हात आणि पूर्ण लक्ष बाळाकडे हवे. दोन्ही हात मोकळे ठेवून, इकडे जेवण किंवा लॅपटॉपवरचे काम करत पाजणे तान्ह्या बाळासाठी धोक्याचे आहे. पाजण्यासाठी पट्टे सैल करून बाळ खाली घेतले असेल, तर पाजून होताच ते पुन्हा वर घेऊन पट्टे आवळावेत. कॅरिअरमध्ये डोळा लागला तर हरकत नाही, पण घरी असल्यास लवकरात लवकर पाठीवर, सपाट अंथरुणावर ठेवावे. आणि बाळ अंगावर बांधलेले असताना आपण स्वतः झोपू नये. रात्रभराच्या जागरणानंतर सोफ्यावर टेकल्यावर डोळा कधी लागतो ते कळत नाही.

दुसरा निकष: खुबा

जन्मतः बाळाचा खुब्याचा सांधा पुरता घडलेला नसतो. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो ती बरीचशी कूर्चेची असते आणि पहिल्या सहा महिन्यांत तिला आकार येतो. मांड्या वर उचललेल्या आणि दोन्ही बाजूंना फाकलेल्या असल्या की गोळा खोबणीत नीट बसतो. पाय सरळ ताणून एकमेकांना जुळवून ठेवले की तो बाहेरच्या बाजूला ढकलला जातो.

जपानचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तिथे १९७५ च्या सुमारास तान्ह्या बाळांचे पाय सरळ करून गुंडाळू नयेत म्हणून देशभर मोहीम राबवली गेली. आधी खुबा निखळण्याचे प्रमाण १.१ ते ३.५ टक्के होते, ते ०.२ टक्क्यांच्याही खाली आले. बाळाला पाठीवर, मांड्या फाकवून बांधण्याची रीत असलेल्या आफ्रिकी समाजांत हा विकार फारच क्वचित आढळतो. आपले कडेवर घेणेही याच बाजूचे आहे: बाळाचा एक पाय आपल्या पुढे, दुसरा मागे, मांड्या आपसूक फाकलेल्या. उलट दुपट्यात पाय ताठ करून करकचून गुंडाळण्याची आपल्याकडची सवय सोडून द्यायला हवी. वर गुंडाळले तरी कमरेखाली पाय मोकळे हलले पाहिजेत.

कॅरिअरमध्ये याचा अर्थ असा की बाळाच्या खालची बैठक एका गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खळगीपर्यंत पोचावी आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर यावेत, म्हणजे पाय बेडकासारखे दिसतात. आंतरराष्ट्रीय हिप डिस्प्लेसिया इन्स्टिट्यूट याच स्थितीची शिफारस करते. स्वस्त कॅरिअरांत दोन मांड्यांच्या मध्ये अरुंद पट्टी असते आणि पाय सरळ खाली लोंबतात. थोड्या वेळाच्या अशा वापराने निरोगी खुबा निखळतो असे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण पहिल्या सहा महिन्यांत रोज तासन्‌तास वापरण्यासाठी अशी बैठक योग्य नाही. पायाळू जन्मलेले बाळ, मुलगी, पहिलटकरणीचे बाळ किंवा घराण्यात खुब्याचा त्रास असलेले बाळ, यांच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना खुबे तपासायला आवर्जून सांगावे.

कोणता प्रकार कोणासाठी

ताणले जाणारे लांब कापड, म्हणजे स्ट्रेची रॅप, साधारण पाच मीटरचे असते. पहिल्या चार-सहा महिन्यांच्या बाळाला ते सर्वांत चांगले लपेटते आणि कमी वजनाच्या पण निरोगी बाळालाही, डॉक्टरांना विचारून, घट्ट बसवता येते. बाळ जड झाले की ते खाली ओघळते. त्यात बाळ कधीही पाठीवर घेऊ नये, कारण ताणाच्या कापडातून ते मागे झुकून बाहेर येऊ शकते. तीन थर अंगावर येत असल्याने उन्हाळ्यात ते नकोसे होते.

विणलेले, न ताणणारे रॅप जन्मापासून दोन-तीन वर्षांपर्यंत चालते आणि कोणत्याही अंगकाठीला बसते. शिकायला वेळ लागतो, पण ज्यांना दिवसाचे बरेच तास बाळ घ्यायचे आहे त्यांच्यासाठी याच्याइतके आरामशीर साधन दुसरे नाही.

रिंग स्लिंग एका खांद्यावरून येते. चढवायला-काढायला अगदी झटपट, छोटीशी घडी होणारी आणि आपल्या कडेवर घेण्याच्या सवयीला सर्वांत जवळची. बाळाला पटकन खाली कोपऱ्याच्या दुकानात न्यायचे असेल, तर हीच. वजन एकाच खांद्यावर येते, त्यामुळे खांदे बदलत राहावे. कडी सलग, सांधा नसलेल्या धातूची असावी. पडदे किंवा पिशव्यांसाठीची जोड दिलेली कडी घेऊन घरी स्लिंग शिवणे धोक्याचे आहे.

मेई ताई या चिनी प्रकारात चौकोनी कापडाला चार पट्टे असतात. कमरेला आणि खांद्यांवरून गाठ मारायची. रॅप आणि बकल यांच्या मधला हा पर्याय आहे. आई सडपातळ आणि बाबा धिप्पाड असे जोडपे असेल, तर प्रत्येक वेळी पट्टे मापात आणायचा व्याप यात नसतो.

बकलचे कॅरिअर आज सर्वाधिक विकले जाते. रुंद कंबरपट्टा आणि भरीव खांदेपट्टे यांमुळे वजन कमरेवर जाते. घेताना पाहायचे ते हे, की बैठकीची रुंदी आणि पाठीच्या भागाची उंची बाळासोबत वाढवता येते का. मापात न येणारी बैठक लहान बाळाचे पाय जास्तच फाकवते आणि मोठ्याचे लोंबकळत ठेवते.

हिप सीट, म्हणजे कमरपट्ट्यावर बसवलेली फोमची घट्ट बैठक, आपल्याकडे भलतीच लोकप्रिय झाली आहे. सतत खाली-वर करणाऱ्या आठ-दहा महिन्यांच्या बाळासाठी ती सोयीची आहे. पण ती आधाराशिवाय बसणाऱ्या बाळासाठीच आहे, आणि नुसती बैठक असेल तर एक हात कायम बाळाच्या पाठीशी हवा. दोन महिन्यांच्या बाळाला तिच्यावर बसवू नये.

चौकट असलेली पाठपिशवी ट्रेकसाठी असते. सहा महिन्यांपुढच्या, चांगल्या बसणाऱ्या बाळाला ती चालते. सह्याद्रीतल्या गडांवर मात्र पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि कातळातल्या खोबणींवर बाळ पाठीवर नेणे कोणत्याही पिशवीने सुरक्षित होत नाही. पाठीवर असलेले डोके आपल्या डोक्यापेक्षा वर असते, म्हणून खाली झुकलेली फांदी आणि ठेंगणी चौकट आपल्याला नाही तरी बाळाला लागते.

बाळाचे तोंड बाहेरच्या बाजूला करून घेण्याची घाई करू नये. मान पूर्ण सावरल्यावर, साधारण पाच-सहा महिन्यांनंतर, जागेपणी आणि थोडा वेळ ते चालते. पेंग आली की आत वळवावे, कारण बाहेर तोंड असलेल्या बाळाचे झोपेत पुढे पडणारे डोके पेलायला काही नसते.

उचलणाऱ्याचा आराम

बाळ हातांवर घेऊन चालायला स्लिंगपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त शक्ती लागते, असे २००७ मधल्या एका अभ्यासात आढळले होते. पण चुकीच्या उंचीवर, सैल बांधलेले बाळ ती बचत खाऊन टाकते. बाळ जितके खाली आणि अंगापासून लांब, तितकी कंबर मागे वाकते आणि दुखते. बकलचा पट्टा कमरेच्या हाडांवर टेकावा, पोटाच्या मऊ भागावर नाही. मागचा आडवा पट्टा मानेखाली, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये यावा.

सिझेरियननंतर टाक्यांवर पट्टा दाबला जाणार असेल, तर कॅरिअर वापरायची घाई करू नये. त्या दिवसांत बाबांनी बाळ अंगावर घ्यावे. बाळाला वडिलांच्या अंगाचा वास आणि आवाज ओळखीचा होतो आणि बाळंतिणीला झोप मिळते. आजी-आजोबा बाळ घेणार असतील, तर त्यांच्या गुडघ्यांचा, तोलाचा आणि हाडांच्या ठिसूळपणाचा विचार आधी करावा. बाळंतिणीला सव्वा महिन्याच्या आत कुठलेही ओझे उचलताना ओटीपोटात जडपणा किंवा ओढ जाणवली, तर ते शरीराचे सांगणे ऐकावे.

आपली हवा, आपले कपडे

परदेशी पुस्तिकांत थंडीचे कोट असतात. आपल्याला वैशाखाचा विचार करायचा आहे. विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा दोन अंगांची ऊब आणि मधले कापड मिळून बाळ तापते. कॅरिअर हा कपड्यांचाच एक थर आहे असे धरून बाळाला एक थर कमी घालावा. मलमल, सुती किंवा लिननचे एकेरी कापड बरे. बाळ तापले आहे का ते हातापायांवरून नव्हे, मानेच्या मागून कळते. ती घामेजली असेल, तर बाळ बाहेर काढून सावलीत पाजावे. उन्हासाठी पदर किंवा ओढणी तोंडावरून ओढू नये, छत्री वापरावी.

कपड्यांचे आणि दागिन्यांचे तपशील पुस्तिकेत नसतात, म्हणून इथे लिहितो. सिंथेटिक साडीवरून कंबरपट्टा घसरतो आणि निऱ्यांच्या फुगवट्यावर तो नीट बसत नाही. साडी नेसणाऱ्यांना दोन्ही खांद्यांवरचे रॅप किंवा सुती साडीवर रिंग स्लिंग सोपी जाते. मंगळसूत्र आणि लांब साखळी बाळाच्या गालाखाली दबते, बोटांत अडकते; बाळ घेताना ती काढावी किंवा पाठीकडे टाकावी. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत कॅरिअरमध्ये फास बनू शकतो. त्यावर श्रद्धा असेल, तर तो मनगटाला किंवा घोट्याला बांधावा, गळ्यात ठेवू नये. कुंचीचा घेर आत दुमडला की नाक झाकते. कॅरिअरमध्ये साधे टोपडे पुरे.

स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभे राहताना बाळ अंगावर नको. फोडणीचे तेल उडते, कुकरची वाफ सुटते आणि बाळाचा हात आपल्या अंदाजापेक्षा लांब जातो. भाजी निवडणे, कपडे घडी करणे, फिरायला जाणे यासाठी कॅरिअर आहे. गॅस, सुरी आणि गरम चहासाठी नाही.

रस्त्यावर

महाराष्ट्रात दुचाकी हा मोठा धोका आहे. स्कूटरवर पुढे बांधलेले बाळ धडकेत हँडल आणि चालकाचे शरीर यांच्यामध्ये चेपले जाते. कॅरिअर अपघातासाठी बनवलेलेच नसते. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये केलेल्या आणि २०२३ पासून लागू झालेल्या बदलानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षापट्टा आणि मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. तो सुरक्षापट्टा वेगळा असतो. बेबी कॅरिअर त्याची जागा घेत नाही. नऊ महिन्यांच्या आतले बाळ दुचाकीवर नेऊच नये, अगदी दोन गल्ल्यांपलीकडच्या दवाखान्यातही नाही. मोटारीत बाळ कॅरिअरमधून काढून कार सीटमध्ये बांधावे. लोकलमध्ये आणि एसटीत बाळ पुढे, छातीशी घ्यावे, कारण गर्दीत पाठीवरचे बाळ दिसत नाही.

बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला यातला कोणताच सल्ला पुरा पडणार नाही. वाकून कोयता चालवताना पाठीवरचे बाळ सुरक्षित नसते आणि फडाच्या कडेच्या झोळीतलेही नाही. तिला कॅरिअरची नाही, कामाच्या जागी पाळणाघराची गरज आहे. बाळ अंगावर घेण्याचे गोडवे गाताना हा फरक विसरला जाऊ नये.

घेताना आणि शिकताना

खरेदी करताना लेबलावर युरोपचे ईएन १३२०९-२ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ २२३६ (बकलच्या कॅरिअरसाठी) अथवा एफ २९०७ (स्लिंगसाठी) हे मानक शोधावे. किमान आणि कमाल वजन वाचावे. शिवण दुहेरी आहे का, बकल एका धक्क्यात सुटत नाही ना, हे हाताने ओढून पाहावे. पट्ट्याची कडा बाळ चोखणार आहे, म्हणून रंग जाणारे कापड घेऊ नये. वापरलेले कॅरिअर घ्यायला हरकत नाही, मात्र उसवलेली शिवण, चिरलेले बकल किंवा विरलेले कापड दिसले तर ते फुकटही नको. नामांकित कंपन्यांच्या नकला ऑनलाइन सर्रास मिळतात; अविश्वसनीय सवलत दिसली की सावध व्हावे. शक्य असेल तर बाळासकट दुकानात जाऊन, घालून पाहून घ्यावे. पहिल्यांदा सराव पलंगाजवळ, शेजारी दुसरे माणूस ठेवून आणि बाळाचे पोट भरलेले असताना करावा. भुकेले बाळ कोणतेही कॅरिअर नापसंत करते.

ही सगळी माहिती आज आई-वडिलांना स्वतः शोधावी लागते, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना ती मिळतच नाही. खरे तर शिकवणारी माणसे आपल्याकडे आधीच आहेत. नवजात शिशु कक्षांतल्या परिचारिका कांगारू काळजीसाठी बाळ छातीशी कसे बांधायचे, मान कशी ठेवायची हे रोज शिकवतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईलाही घरी सोडण्यापूर्वी हे पाच नियम दहा मिनिटांत करून दाखवता येतील. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशा ताई ४२ दिवसांत सहा वेळा येतात. त्या भेटींत पाय सरळ ताणून गुंडाळू नका, हनुवटी छातीवर टेकू देऊ नका, एवढी दोन वाक्ये मराठी चित्रांसह जोडली तरी पुष्कळ अनर्थ टळेल. सार्वजनिक आरोग्य विभागाने ही चित्रे छापावीत आणि बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या लसीच्या दिवशी कॅरिअरबद्दल स्वतःहून विचारावे. तोवर प्रत्येक घराने बाळ अंगावर घेतल्यावर आधी नाक, मग हनुवटी, मग गुडघे पाहावेत आणि मगच पाऊल उचलावे.